घरातला मांडव

विम्याच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये! पंच्याऐंशी साली अख्ख्या मनीषनगरात घराचा विमा उतरवलेला मी एकटाच होतो.

त्याच मे महिन्यात वादळ आलं आणि बैठकीवरचं टिनाचं छप्पर उडालं. सबंध उडालं! दोन पत्रे नाल्यात सापडले. बाकीचे अजून सापडायचे आहेत.

"क्लेम करा न आता! काहून घेतला मंग विमा?" माझी बायको देवकी म्हणाली.

पण ऑफिसातल्या मधुकररावांनी मला बाजूला घेतलं. "क्लेमचं नावच काढू नका गा! माझ्या कामठीच्या साळ्यानं केला, तं कंपनीनं त्याची पॉलिसीच बंद केली. आता कोणीच विमा देत नाही त्याले."

माझी झोप उडाली. बावीस वर्षं भाड्याच्या खोलीत काढून बांधलेलं घर! विमा गेला तर पुढच्या वादळात आमचं काय? आणि नेमका निरोप आला, की वादळाच्या पाहणीसाठी कंपनीचे अधिकारी मंगळवारी घर पाहायला येणार.

छप्पर नाही असं दिसलं, तर ते क्लेम करायलाच लावतील! मी डोकं चालवलं. बिछायतवाल्याकडून लग्नाच्या मांडवाचं कापड आणून बैठकीत भिंतीपासून भिंतीपर्यंत ताणून बांधलं. झालर सोडली. दाराला आंब्याचं तोरण लावलं. संशयाला जागाच नको!

"लग्न कोणाचं सांगसान?" देवकीने विचारलं.

"ताराचं."

आमच्या मुलीने बी.ए.चं पुस्तक खाली ठेवलं. "माझं? कोणाशी?"

"मंगळवारपुरतं आहे," मी समजावलं.

पण आमच्याकडे मांडव दिसला की शेजारणी आमंत्रणासाठी थांबत नाहीत. मंगळवारी सकाळीच प्रयागबाई पाच जणींना घेऊन आल्या. "आमाले सांगतलं बी नाही वं!" असं देवकीला खडसावून त्यांनी जात्याला हळकुंड बांधलं आणि हळदीची गाणी सुरू केली. तारा रडायला लागली. "पोरीले आतापासूनच माहेर सुटून राहिलं," प्रयागबाई म्हणाल्या आणि त्याही रडल्या.

या रडारडीत विम्याचे केशवराव आले. त्यांनी वर पाहिलं. नेमकी तेव्हाच भिंतीवरून एक मांजर कापडावर उतरली. चार पंजे स्पष्ट दिसत होते.

"वर कोणी आहे का?"

"लग्नघर आहे. येतंजातं कोणी ना कोणी."

"छप्पर ठीक आहे ना?"

"ठणठणीत!"

"वादळात काहीच नुकसान नाही?"

"खिळासुद्धा हलला नाही साहेब!"

"मग इथं सही करा. 'नुकसान नाही' म्हणून."

मी झोकात सही केली. केशवरावांनी पिशवीतून दुसरा कागद काढला आणि माझ्यासमोर फाडून टाकला.

"काय होतं ते?"

"तुमचा क्लेमचा फॉर्म. अर्धा भरूनच आणला होता. पॉलिसी जाईल म्हणून लोक भेऊन राहिले न, म्हणून आमच्या कंपनीनं नवा नियमच काढला. वादळाचा क्लेम केला म्हणून कोणाची पॉलिसी बंद करायची नाही! बरं झालं, तुमाले गरजच नाही पडली."

नंतर ते हळदीचं बोट लावून घेऊन, नसलेल्या जोडप्याला आशीर्वाद देऊन गेले.

पॉलिसी मात्र शाबूत राहिली. पावसाळाभर ती भिजू नये म्हणून आम्ही प्रयागबाईंच्या घरी ठेवली होती.