पूर्णगडचा फोन-उपास

डॉ. विनीत आगाशे पूर्णगडच्या शाळेच्या हॉलमध्ये शिरले आणि दारातच थबकले. समोर माणसं होती. रत्नागिरीच्या एका कॉलेजात ते माध्यमशास्त्र शिकवत आणि सवड मिळेल तेव्हा 'नवी माध्यमं आणि समाज' या विषयावर गावोगाव फुकट व्याख्यानं देत. आंजर्ल्याला त्यांच्यासमोर जे बसले होते, त्यातले निम्मे गणपतीच्या पायऱ्या उतरून आल्यावर पाय दुखले म्हणून टेकले होते. दापोलीला एसटीची वेळ झाली तसा हॉल रिकामा झाला, आणि आभार मानणाऱ्यानेही आभार चपला घालता घालता मानले. इथे मात्र सतरंज्या संपून लोक खिडक्यांत चढून बसले होते.

"गंगारामभाऊ, एवढी गर्दी?" त्यांनी वाचनालयाचे कार्यवाह गंगाराम खडपे यांना हळूच विचारलं.

"विषयच तसा आहे ना, सर," गंगाराम म्हणाले.

खरं कारण त्यांनी पोटात ठेवलं. शेवटपर्यंत बसणाऱ्यांच्या चिठ्ठ्या टाकून एकाला मिक्सर मिळणार, असं त्यांनी दोन दिवस आधी गावाच्या ग्रुपवर टाकलं होतं. त्यात हवामान खात्याने मच्छीमारांना वादळाचा इशारा दिल्यामुळे सगळ्या होड्या खाडीत नांगरून पडल्या होत्या आणि पुरुषमंडळीही मोकळी होती. आकाश लख्ख होतं, माडाची झावळीसुद्धा हलत नव्हती, पण इशारा तो इशारा. पूर्णगडात त्या दुपारी घरी कोणी राहिलं असेल तर ती कोंबडी.

आगाशे सरांच्या डोक्यात आज एक नवा प्रयोग होता. त्याचं नाव फोन-उपास. व्याख्यान संपेपर्यंत सगळ्यांनी आपापले फोन जमा करायचे, आणि त्या दोन तासांत मनाला काय काय वाटलं ते शेवटी उठून सांगायचं. त्यावर सर एक निबंध लिहिणार होते आणि तो एका परिषदेत वाचायला बंगळूरला जाणार होते. फोन ठेवायला मासे विकणाऱ्या यमुनाबाईंनी आपली पाटी आणली होती.

"धुतलीय ओ," त्या म्हणाल्या. "वास येईल, पन फोनला काय नाक नसता."

सरांनी स्वतःचा फोन पहिल्यांदा पाटीत ठेवला. मग लोक रांगेने आले. काहींनी दोन दोन फोन काढले, आणि गंगारामभाऊंचा दुसरा फोन बघून त्यांच्या बायकोने भुवया वर केल्या. सगळं सुरळीत चाललं होतं. जन्नतचाचीपाशी रांग अडली.

"मी नाय देनार," चाचीने फोन ओढणीखाली सारला. "आज जुमा हाय. माझा फैझान कतारसून फोन करनार. महरीनचा निकाह पुढल्या आठवड्यात आला, न त्याचा मॅनेजर रजा देत नाय. आज शेवटचा इचारनार हाय तो. एकच भाऊ हाय तिला, सर."

हे बोलताना चाचीचा आवाज बदलला. तीन वर्षांत फैझान घरी आला नव्हता. बापाच्या मागे त्यानेच घर वर काढलं होतं, आणि बहिणीच्या निकाहात तोच नसला तर मांडवात उभं कोण राहणार, हा प्रश्न चाचीला झोपू देत नव्हता. सरांनाही ते ऐकून वाईट वाटलं. पण एकाला सूट दिली की उपास मोडला, आणि उपास मोडला की निबंध मोडला.

"चाची, रजा मिळाली असेल तर ती दोन तासांनीही मिळालेलीच असेल," ते समजुतीने म्हणाले. "दोन तासांत काही जग बुडत नाही."

"दे गो अम्मी, सर एवढा सांगतात तर," महरीन म्हणाली. मुलगी समंजस होती, शिवाय तिचा डोळा मिक्सरवर होता.

चाचीने फोन दिला. पाटी शेजारच्या वर्गातल्या लोखंडी कपाटात गेली, कपाटाला कुलूप लागलं, आणि सर बोलायला उभे राहिले.

आता सर माध्यमांचे जाणकार खरे, पण चाचीची गोष्ट तिच्या एकटीची नव्हती, हे मिक्सरच्या नादात त्यांना कोणी सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. पूर्णगडात शुक्रवारची दुपार ही फोनची वेळ असते. आखातात त्या दिवशी सुट्टी. नमाज होतो, जेवण होतं, आणि मग कतार, कुवेत, मस्कतमधली पूर्णगडची पोरं पलंगावर आडवी होऊन घरी फोन लावतात. ही वेळ पाळायचा घराघरांत इतका दंडक, की त्या वेळेला चुलीवर दूध ठेवत नाहीत.

फैझानने अम्मीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. महरीनला लावला, तेच. शेजारच्या अहमदचाचाला लावला, मग दुकानात, मग मशिदीच्या इमामसाहेबांना. त्याच्या खोलीतल्या दुसऱ्या पोरानेही घरी लावला आणि कानाला धरून तसाच बसला. कोणीच उचलत नव्हतं. त्याने आखातातल्या कोकणी लोकांच्या ग्रुपवर साधं विचारलं, "पूर्णगडला कोणाचा फोन लागतोय का?"

मस्कतहून उत्तर आलं, "नाही." कुवेतहून आलं, "आमचापण नाही." कोणीतरी लिहिलं, "पूर्णगडचा संपर्क तुटला." मग कोणाला तरी वादळाचा इशारा आठवला आणि त्याने लिहिलं, "समुद्र आत शिरला असेल काय?" ते पुढे पाठवणाऱ्याने 'असेल काय' गाळलं, कारण तेवढं टाईप करायला वेळ कोणाला होता. चौथ्याने त्याला एक व्हिडिओ जोडला. त्यात कुठल्यातरी परक्या गावात लाटा बंगल्यांवरून जात होत्या आणि एक मोटार पोहत होती. पूर्णगडात तसा बंगला नाही आणि तशी मोटारही नाही, पण धीर धरून बघेल असा माणूस त्या वेळी कुठून सापडणार.

रत्नागिरीत ती बातमी पोचली तेव्हा ती अडवायला एक पथक तयार होतं. ते आगाशे सरांनीच उभं केलं होतं. 'आधी खात्री' नावाचा त्यांच्या विद्यार्थ्यांचा ग्रुप होता आणि त्याचा प्रमुख ऋत्विक होता. हा मुलगा घरातल्या भिंतीवरचं घड्याळही दुसऱ्या घड्याळाशी ताडून बघे. सरांनी घालून दिलेली पद्धत त्याला पाठ होती. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवायचा नाही, थेट घटनास्थळी फोन करायचा, आणि तिथे हजर असलेल्या जाणत्या माणसाला विचारायचं. ऋत्विकने पूर्णगडात ओळखीपाळखीने मिळतील तेवढे फोन लावले. एकही उचलला गेला नाही. तिथे हजर असलेला जाणता माणूस म्हणजे खुद्द सर. त्यांना सतरा वेळा लावला. मग त्याने डोळे पुसत ग्रुपवर लिहिलं, "बातमी सरांच्या पद्धतीने तपासली आहे. दुर्दैवाने खरी आहे."

आजवर या ग्रुपने खरी म्हटलेली बातमी खोटी निघाली नव्हती. त्यामुळे ती जिल्हाधिकारी कचेरीत गेली, कचेरीतून आपत्ती पथकाकडे गेली, आणि जीप, रुग्णवाहिका आणि रबरी होडी लादलेला टेम्पो असा लवाजमा पावसच्या रस्त्याने निघाला.

इकडे सर रंगात आले होते. "अफवा पसरवायला वाईट माणसं लागत नाहीत," ते सांगत होते. "काळजी करणारी चांगली माणसं पुरतात." लोक मान हलवत होते. गंगारामभाऊंनी मध्येच बटाटेवडे फिरवायला सांगितले, आणि वड्यांबरोबर सरांचे विचारही चांगले उतरत होते. तेवढ्यात बाहेर भोंगा वाजला, गाड्या थांबल्या, आणि नारिंगी जाकीट घातलेला एक माणूस खांद्यावर दोराचं वेटोळं घेऊन दारात उभा राहिला. तो आपत्ती पथकाचा प्रमुख संदेश राणे. त्याच्या मागे आणखी सहा जाकिटं होती.

संदेशने हॉलभर नजर फिरवली. सगळं गाव मांडीवर कागद घेऊन वडे खात होतं.

"पाणी कुठे आहे?" त्याने विचारलं.

"त्या कोपऱ्यात, माठात," गंगाराम म्हणाले. "बसा ना. चहापण येतोय."

"अहो, समुद्राचं पाणी."

"ते खाली समुद्रात हाय," यमुनाबाई म्हणाल्या.

संदेशने दोर खाली ठेवला. "गाव बुडालं म्हणून आम्ही आलोय. अर्ध्या जिल्ह्यात खबर आहे. तुमच्या एकाचाही फोन लागत नाही. कॉलेजच्या मुलांनी तपासून खात्री दिलीय."

"कुठल्या कॉलेजच्या?" सरांनी विचारलं आणि उत्तर ऐकायच्या आधीच कपाटाच्या किल्लीसाठी हात पुढे केला.

कपाट उघडलं तेव्हा पाटीतले फोन एकमेकांवर थरथरत होते. ताज्या माशांची पाटी असते तशीच ती दिसत होती. ज्याने त्याने आपला ओढला आणि शाळाभर एकच वाक्य ऐकू येऊ लागलं, "नाय रे बाबा, काय नाय झाला, बरा हाय." सरांनी आपला फोन घेतला. ऋत्विकचा आवाज ऐकू आला आणि मग बराच वेळ नुसते हुंदके ऐकू आले.

"ऋत्विक, रडू नकोस. आधी लिही, सर्व सुखरूप."

"लिहितो सर. आणि कारण काय लिहू? आपण नेहमी संपूर्ण खुलासा..."

त्याच वेळी जन्नतचाचीने सरांची बाही ओढली. तिचा चेहरा बघून सर म्हणाले, "थांब, ऋत्विक. आधी एवढंच टाक."

चाचीच्या फोनवर फैझान होता. तो गाडीत होता आणि गाडी विमानतळाकडे चालली होती. सकाळी मॅनेजरने रजेला साफ नाही म्हटलं होतं. दुपारी गाव बुडाल्याची खबर आली तेव्हा त्याच मॅनेजरने स्वतः तिकीट काढलं, स्वतः गाडी काढली, आणि आता तोच गाडी चालवत होता. तो केरळचा होता. त्याच्या आईचं घर एकदा पुरात गेलं होतं. अम्मीचा आवाज ऐकून फैझान ढसाढसा रडत होता, आणि मॅनेजर गाडी चालवता चालवता हिंदीत सांगत होता की तिथल्या कोणातरी जबाबदार माणसाला फोन द्या, मला परिस्थिती कळू दे, त्यावर किती दिवसांची रजा ते ठरवतो.

"तुमी जबाबदार हाव ना?" चाचीने विचारलं आणि फोन सरांच्या हातात दिला.

ज्यांचे फोन कानाला होते त्यांनी ते खाली घेतले. सरांनी महरीनकडे पाहिलं. तिला आता मिक्सरचं भान राहिलं नव्हतं. ती ओढणीचं टोक दातात धरून त्यांच्याकडे बघत होती. सरांनी आयुष्यात कधी खोटी गोष्ट पुढे पाठवली नव्हती, आणि याचा त्यांना अभिमान होता. त्यांनी घसा साफ केला.

"नमस्कार," ते हिंदीत म्हणाले. "मी रत्नागिरीहून आलोय. गावातले सगळे लोक शाळेत एकत्र आहेत. हो, लहान मुलंसुद्धा." ते थांबले. "आपत्ती पथक पोचलंय. माझ्या शेजारीच उभे आहेत. होडी आणलीय त्यांनी."

संदेशने मान डोलावली. त्यात नाकारण्यासारखं काही नव्हतं.

"खायला दिलंय लोकांना. हो, चहा येतोय. फोन कोणाकडेच नव्हते, आत्ता मिळाले." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. सरांनी फोनवर हात ठेवला. "घराचं विचारतायत. घराची काय अवस्था?"

"घराला रंग काढलाय ना निकाहासाठी," महरीन कुजबुजली. "सगळा सामान अंगनात पडलाय."

सरांनी डोळे मिटले. "सामान सगळं अंगणात आहे," ते म्हणाले.

मग मॅनेजर काहीतरी बोलला आणि सरांनी "फार उपकार झाले" म्हणून फोन चाचीकडे दिला.

"महिनाभर," ते म्हणाले. "पगारी."

चाची मटकन सतरंजीवर बसली आणि रडू लागली. महरीनने तिला मिठी मारली. यमुनाबाईंनीही डोळे पुसले, आणि गंगारामभाऊ तर असे हसत होते की जणू पोरगा त्यांचाच येतोय. संदेशने जाकीट काढून एक वडा उचलला आणि कचेरीतल्या साहेबांना फोन करायला बाहेर गेला. सगळं गाव खूश होतं. एकटे सर भिंतीला टेकून उभे होते आणि बोललेलं प्रत्येक वाक्य मनातल्या मनात तपासत होते. एकही खोटं सापडत नव्हतं, आणि याचाच त्यांना जास्त त्रास होत होता.

फोन पुन्हा वाजला. ऋत्विक होता. "सर, 'सर्व सुखरूप' टाकलं. आता कारण टाकू?"

"उद्या टाक."

"पण सर, तुम्हीच म्हणता की खुलासा लगेच..."

"विमान सुटू दे रे बाबा," सर म्हणाले आणि फोन बंद केला.

यमुनाबाई रिकामी पाटी कमरेला लावून त्यांच्यापाशी आल्या. इकडेतिकडे बघत त्यांनी आवाज उतरवला.

"मास्तर, एक इचारू? आमचा नितेश जहाजावर हाय. शिमग्याला पालखी नाचवायला लय इच्छा हाय त्याची, पन कप्तान सोडीत नाय. तुमी शिमग्याच्या आदी परत याल काय हो भाषनाला? मानसा मी जमवतंय. मिक्सरपन नको."

सर नाही म्हणायला तोंड उघडून उभे राहिले. समाजाचं भलं, माध्यमांची जबाबदारी, बंगळूरचा निबंध, सगळं त्यांच्या ओठांवर आलं. यमुनाबाई वाट बघत होत्या. सरांनी दाराकडे पाहिलं, संदेश अजून बाहेरच होता याची खात्री केली आणि हळू आवाजात विचारलं, "त्याचा फोन कुठल्या वारी येतो?"