बाटलीहिरव्या पोलोची बढती

ऑफिसातल्या सगळ्यांच्या बदल्या-बढत्या हेडक्लार्कच्या टेबलावरून जायच्या. घरात मात्र त्याच्या स्वतःच्या शर्टांवरही त्याची सत्ता नव्हती. ते खातं बायकोकडे. नवा पोलो आला की तो समारंभाचा. कॉलर मऊ पडली की ऑफिसचा, रंग उडाला की बाजारहाटाचा, मग घरातला, आणि निवृत्तीनंतर फडकं. अपिलाची सोय नाही.

बाटलीहिरवा पोलो नुकताच निवृत्त झाला होता. हेडक्लार्कचा त्याच्यावर फार जीव. तो घातला की तुम्ही दहा वर्षांनी लहान दिसता, असं टायपिस्टबाई एकदा म्हणाल्या होत्या. (त्या दिवशी त्यांचा चष्मा दुरुस्तीला गेला होता, पण कौतुक ते कौतुक.)

त्या संध्याकाळी मुलीच्या होणाऱ्या सासरी पहिलीच भेट होती. मुलगा पोरीनं स्वतः पसंत केलेला. आता सगळं अडलं होतं ते त्याच्या आईच्या होकारावर, आणि त्या बाई निवृत्त मुख्याध्यापिका.

"बाबा, त्यांच्याकडे सगळं अगदी टापटीप असतं हं! आकाशी पोलो पलंगावर ठेवलाय, तोच घाला. माझ्यासाठी तरी!" एवढं बजावून पोरगी आईबरोबर पुढे गेली.

हेडक्लार्कनं आकाशी पोलो चढवला आणि आरशात पाहिलं. पेट्रोल पंपावर हवा भरणारा माणूस त्याच्याकडे बघत होता. "छे! पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे," असं म्हणत त्यानं कपाटाचा तळ उपसला. जुन्या चादरींखाली बाटलीहिरवा सापडला. घडी घातलेला, कॉलर वर. समोरून काय रुबाब! निघताना पाठीला जरा गार लागलं, पण पोलो हा प्रकार हवेशीरच असतो.

तो होणाऱ्या व्याह्यांच्या दारातून आत आला आणि बायकोचे डोळे विस्फारले. (बघा, अजूनही नजर ठरत नाही तिची!) तो शेजारी बसताच ती पुटपुटली, "अहो, हे काय घातलंत? खिडक्या पुसायला पाठ कापलीय मी त्याची!"

"पाठ? पाठच का?"

"पुढे बटणं आहेत ना! काच ओरखडते."

हेडक्लार्कचा हात हळूच मागे गेला. आधी कापड लागलं. मग कापड संपलं आणि बनियन लागलं, आणि बनियनच्या भोकातून खुद्द हेडक्लार्क. त्याला दरदरून घाम फुटला. समोर पोरगी अंग चोरून बसली होती. तिचं आता काय होणार?

तो उठला आणि तोंड सगळ्यांकडे ठेवून, मागे मागे सरकत खोलीपलीकडच्या कपाटाला पाठ लावून उभा राहिला.

"बसा ना," होणारे व्याही म्हणाले.

"नको, नको! दिवसभर बसूनच असतो."

त्यानं चहा उभ्यानं घेतला. बिस्किटंही उभ्यानंच खाल्ली. व्याह्यांना मध्येच खोकल्याची उबळ आली आणि ते आत जाऊन बराच वेळ खोकत राहिले. मग गच्चीतली झाडं बघायची टूम निघाली.

"चला, तुम्ही पुढे व्हा."

"छे छे, आधी तुम्ही!"

"अहो, पाहुणे तुम्ही!"

हेडक्लार्क जिना उलटा चढला. निरोप घेतानाही तो मागे मागे सरकत निघाला आणि छत्र्यांच्या स्टँडला धडकला. "मोठ्यांना पाठ दाखवायची नाही, असं वळण आहे आमच्याकडे," तो छत्र्या गोळा करत म्हणाला.

"असं वळण हल्ली दिसत नाही हो," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या आणि त्यांनी रुमाल तोंडाला लावला. त्यांचे डोळे पाणावले होते.

दुसऱ्याच दिवशी होकार आला. पोरगी त्याच्या गळ्यात पडून रडली, आणि हेडक्लार्कही थोडा रडला. मग तो बायकोला ऐकवत सुटला, "तुझं ते आकाशी फडकं घालून गेलो असतो तर? माणसाजवळ वळण लागतं, वळण!"

रविवारी व्याही-विहीण घरी आले. बाईंनी त्याच्या हातात पुडकं ठेवलं. आत नवाकोरा बाटलीहिरवा पोलो!

"वा! पण माझं माप कसं कळलं?"

"तुम्ही त्या कपाटाला पाठ लावून उभे होतात ना," बाई म्हणाल्या, "त्याच्या दारांना आरसे आहेत. तुम्ही जरा हललात की पाठीमागचं सगळं दिसायचं, मापासकट."

हेडक्लार्कचा चेहरा पार उतरला. पोरगी हसून हसून लोळायची बाकी होती.

"म्हणजे... तरी तुम्ही हो म्हणालात?"

"म्हणून तर म्हटलं! लेकीची मान खाली जाऊ नये म्हणून बाप उलटा जिना चढतो, त्या घरची मुलगी सोडायची?"

हेडक्लार्कला भरून आलं. त्यानं आत जाऊन नवा पोलो घातला, बाहेर आला आणि छाती पुढे काढून उभा राहिला. "कसा दिसतो?"

विहीणबाईंनी त्याला नीट न्याहाळलं.

"वळा बघू जरा," त्या म्हणाल्या. "समोरून आम्ही तुम्हाला अजून तितकं ओळखत नाही."