वडिलोपार्जित संताप

आपण कोण आहोत हे जाणून घेण्यासाठी पूर्वी माणसाला संसार सोडून तप करावे लागे. आता नळीत थुंकले तरी पुरते. विज्ञानाची ही झेप वादातीत आहे. माझ्या सासरी तिचे ज्या तत्परतेने स्वागत झाले, त्याची नोंद कुणीतरी ठेवणे आवश्यक होते. (मी जावई. मला कुणी थुंकायला सांगितलं नव्हतं, त्यामुळे माझी साक्ष निःपक्षपाती समजावी.)

सासरचं चष्म्यांचं दुकान आहे. सासऱ्यांनी ते काढलं आणि मुलं लहान असतानाच ते वारले. दुकानाखेरीज त्यांची दुसरी मालमत्ता म्हणजे संताप. तो मी पाहिलेला नाही, पण थोरल्या मेहुण्यांकडे तो जसाच्या तसा उतरला होता. गिऱ्हाईकाने तक्त्यावरची बारीक ओळ चुकीची वाचली की ते त्याच्यावर खेकसत. घरी चहा कोमट निघाला तर कप भिंतीवर जाई. त्या घराला वर्षाकाठी सरासरी दीड डझन कप लागत. (पाहुण्यांच्या हातून फुटलेले वेगळे.) कप फुटला की थोरले प्रसन्न होऊन म्हणत, "काय करणार, आमच्या रक्तातच आहे." थोरल्या वहिनी काचा गोळा करत. रक्तापुढे कुणाचं काय चालणार?

धाकटे मेहुणे मात्र मवाळ निघाले. 'पुढचं अक्षर वाचा' म्हणतानासुद्धा ते 'जमलं तर' असं जोडत. "हा बाबांचा वाटतच नाही," असं थोरले चारचौघांत म्हणत. धाकटे त्यावर हसत, आणि संशय आणखी बळावे.

दुकान कुणाच्या नावावर करायचं हा विषय निघाला, तेव्हा थोरल्यांनी हा प्रश्न शास्त्रीय पद्धतीने निकालात काढायचं ठरवलं. पाटीवर 'आणि पुत्र' असं होतं. पुत्र शब्दाचं अनेकवचन एकवचनासारखंच असल्यामुळे एक भाऊ वगळला तरी पाटी तीच चालणार होती. इतकी सोय व्याकरणाने क्वचितच कुणाची केली असेल.

डीएनए तपासणीचे संच घरपोच आले. थोरले, धाकटे आणि साक्षीला आमची ही, म्हणजे त्यांची बहीण, असे तिघे जेवणाच्या टेबलाशी बसले. थुंकण्याआधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नसतं. त्यामुळे चहा नव्हता, आणि त्या घरातला इतका शांत अर्धा तास मी त्याआधी पाहिला नव्हता.

"नीट थुंक की," थोरले धाकट्यांवर ओरडले. "एवढंही जमत नाही?"

"तोंड कोरडं पडलंय, दादा."

अहवाल फोनवर आला. थोरल्यांनी सगळ्यांना बोलावलं आणि मोठ्याने वाचायला घेतला. धाकटे आणि माझी बायको सख्खे बहीणभाऊ निघाले. थोरल्यांच्या नावाखाली 'जवळचे नातेवाईक' या सदरात कुणीच नव्हतं. त्यांनी फोन हलवून पाहिला. तरीही कुणी आलं नाही.

मग वहिनी सावकाश म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं हे तुम्ही स्वतःच करत होतात?"

शास्त्रीय निष्कर्ष मी पुष्कळ ऐकले आहेत. इतका अचूक ऐकला नव्हता. थोरल्यांनी ओरडायला तोंड उघडलं, आणि आता तो अधिकार आपल्याकडे नाही हे लक्षात येऊन मिटलं. दुसऱ्या दिवशी धाकट्यांनी तो अधिकार रीतसर बजावला. भिंगं घासणाऱ्या कारागिरावर ते असे ओरडले की त्यांचाच आवाज चिरकला. कारागिराने त्यांना पाणी आणून दिलं.

अखेर प्रकरण सासूबाईंपुढे गेलं. त्या उसवलेला अभ्रा शिवत होत्या. थोरले समोर उभे राहिले. हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं.

"दवाखान्यात तुला कुणीतरी सोडून गेलं होतं," सासूबाई म्हणाल्या. "तुझे बाबा तिथल्या डॉक्टरांचा चष्मा द्यायला गेले, आणि येताना तुला कोटात गुंडाळून घेऊन आले. मला म्हणाले, काय करू, हा माझं बोटच सोडेना."

"मला कधी सांगितलं का नाहीस?"

"सांगणार होते रे. पण तू सारखा चिडलेला असायचास."

धाकट्यांनी घसा साफ केला. "आणि बाबांचा संताप?"

"कसला संताप? ते गेल्यावर तुम्ही पोरं ऐकेनात, म्हणून मीच म्हणायचे, बाबा असते तर फोडून काढलं असतं. आवाज चढवणं त्या माणसाला जमलंच नाही कधी. तुझ्यासारखेच होते. कालपर्यंतच्या."

एवढ्या बोलण्यात दोन्ही वारस निष्कांचन झाले. थोरले आईजवळ खाली बसले आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. साठीचा माणूस इतका लहान दिसू शकतो हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं, आता हे सुधारणार. (जावयांना घरातलं फारसं कळत नाही.)

काही दिवस कप शाबूत राहिले. मग थोरल्यांना अहवालाचं दुसरं पान सापडलं. त्यानुसार त्यांच्यात चौदा टक्के अंश कुठल्याशा डोंगराळ, लढवय्या टोळ्यांचा होता. त्यांनी तो परिच्छेद सर्वांना वाचून दाखवला, चहाचा घोट घेतला आणि कप भिंतीवर मारला. "हे चौदा टक्के कुठे जाणार?" असं त्यांचं म्हणणं. धाकट्यांनी आपला नवा आवाज आईच्या माहेरचा असल्याचं जाहीर केलं. दुकान दोघांच्याही नावावर झालं आहे, आणि गिऱ्हाईकाला आता कुठल्याही बाजूने खेकसून घेता येतं. वहिनींनी मात्र काचा गोळा करणं सोडलं. काचा तिथेच पडून असतात. घरातले सगळे वळसा घालून जातात.

आपल्या घरात कुणाला थुंकायला बसवावं, हे वाचकांनी एव्हाना ठरवलं असेलच. फार विचार करावा लागला नसणार. एक चेहरा चटकन डोळ्यांपुढे आला असेल. घरातल्या बाकीच्यांनाही हा मजकूर वाचायला द्यावा. त्यांच्याही डोळ्यांपुढे एक चेहरा तितक्याच चटकन येईल, आणि तो कुणाचा हे ते तुम्हाला सांगणार नाहीत. तुम्ही चिडता.