टेलरमास्तरांची हरकत

राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धेच्या सभागृहाबाहेर खेळाडूंच्या घरच्यांसाठी एक खोली होती. तिच्या काचेला नाक लावून टेलरमास्तर स्पर्धा सुरू झाल्यापासून उभे होते. बुद्धिबळातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. घोडा अडीच घरं चालतो एवढं त्यांनी ऐकलं होतं. पण त्यातलं अर्धं घर कुठलं, हे कोडं त्यांना सुटलं नव्हतं. कुतूहल मात्र दांडगं! आत एका पटावर पाय जमिनीला न टेकणारा पोरगा आणि समोर कवळी सावरणारे आजोबा. पलीकडे कॉलेजातली मुलगी आणि तिच्यासमोर घाम पुसणारा बँकेतला साहेब. इतकी माणसं इतका वेळ समोरासमोर बसतात आणि एकही भांडण होत नाही, याचंच त्यांना नवल वाटे.

वेळ जावा म्हणून ते पाठीवरून वय ओळखत. जन्मभर लोकांच्या पाठींना टेप लावली होती. "तो निळा शर्ट, बावन्न," ते शेजारच्यांना सांगत, "खांदा बघा, उजवीकडून उतरलाय." शेजारचे त्या खेळाडूच्या घरच्यांना विचारून येत आणि बहुतेकदा बरोबर निघे.

आत त्यांची बायकोही खेळत होती. पँटची उंची कमी करून होईपर्यंत खोळंबलेल्या गिऱ्हाइकांशी ती दुकानाच्या काउंटरवर डाव मांडी. त्यात ती इतकी तरबेज झाली होती, की काही लोक चांगल्या पँटी मुद्दाम उसवून आणत.

तेच दुकान मास्तरांनी विकायला काढलं होतं. घेणारा ठरला होता. फक्त होकार कळवायचा बाकी होता. बायकोचा जीव त्यात अडकला होता.

"दुकान गेल्यावर मी खेळायचं कुणाशी? भिंतीशी?"

"अगं, वय झालं आपलं. मी तुझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा आहे, मला कळतं. आपल्यात मोठ्याचं चालतं."

हे शेवटचं वाक्य घरात लग्नापासून चालू होतं. भिंतींचा रंग, मुलीची शाळा, पंख्याचा वेग, सगळं त्याच वाक्यानं ठरलेलं. बायको दरवेळी "बरं" म्हणे.

शेवटच्या फेरीत बायको एका तिसरीतल्या मुलीकडून हरली आणि मोठी बक्षिसं हुकली. तरी वयोगटाची बक्षिसं होती. भिंतीवर निकाल लागला, तसे मास्तर गर्दीत घुसले आणि चष्मा वर करून वाचू लागले. 'पासष्टीपुढील महिला : प्रथम' आणि पुढे चक्क त्यांच्या बायकोचं नाव.

"अहो, चला, चहा घेऊ," बायकोनं त्यांची बाही ओढली. "काय वाचायचंय त्यात?"

"अगं, तुला म्हातारी केलीय यांनी! तू आत्ता कुठे साठीला टेकलीस."

"करू द्या हो. मला काय फरक पडतो?"

"असं कसं? उद्या कुणी तक्रार केली तर फुकटची बदनामी!"

आणि बायकोविरुद्ध कुणी तक्रार करू नये म्हणून मास्तर स्वतःच तक्रार करायला गेले.

पंच म्हणजे शांत स्वभावाचा माणूस. "काका, त्यांच्या कार्डावरची जन्मतारीख आम्ही पाहिलीय."

"कार्डावरची चुकीचीच आहे! शाळेत घालताना वडिलांनी वय वाढवून लावलं होतं. तिनंच मला सांगितलंय, लग्न झालं त्याच वर्षी."

मागे दातांच्या निवृत्त डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. त्याच गटात त्यांचा दुसरा नंबर आला होता. त्यांनी पुढे होऊन मास्तरांचा हात हातात घेतला. "ऐकलंत? प्रत्यक्ष यजमान सांगताहेत! घरचं बक्षीस जातंय तरी खरं बोलणारा माणूस मी आज पाहिला."

मास्तरांची छाती फुगली आणि लगेच बसली. "बक्षीस जातंय? का? तिला साठीच्या गटात घाला की!"

"साठीचा गटच नाही," पंच म्हणाले. "त्याच्या खाली थेट पन्नाशीचा. तिथे यांचा नंबर लागत नाही."

मास्तर लगेच फिरले. "मग कार्ड बरोबर असेल. मी शिंपी माणूस, मला तारखांतलं काय कळतंय?"

"आत्ताच तर चुकीचं म्हणालात!" डॉक्टरीणबाई कडाडल्या. "हरकत घेतली ती घेतली. निकाल लागल्याशिवाय मी हलणार नाही."

झालं! बक्षीस समारंभ अडकला. हार-जीत विसरून तिसरीतल्या मुलीपासून कवळीवाल्या आजोबांपर्यंत सगळे माना उंचावून बघू लागले. मुख्य पंचांनी मास्तरांच्या बायकोला मंचावर बोलावलं. ध्वनिक्षेपक चालूच होता.

"बाई, आता तुम्हीच सांगा. कार्ड खरं की यजमान?"

बाईंनी करंडकाकडे पाहिलं, मग मास्तरांकडे पाहिलं. कार्ड खोटं म्हणावं तर बक्षीस जाणार आणि वर लबाड ठरणार. कार्ड खरं म्हणावं तर... मास्तर हात जोडून खालून खुणावत होते, 'कार्ड म्हण, कार्ड!' बिचाऱ्यांना वाटत होतं, ती बक्षिसासाठी खोटं बोलायला कचरतेय.

"कार्ड," बाई म्हणाल्या. "सहासष्ट पूर्ण झाली मला. लग्न ठरवताना आमच्या मामांनी सहा वर्षं आत मुडपली. यांनी दाखल्यावरचं वय बघून विचारलं, तेव्हा वडिलांवर ढकलून दिलं. नंतर ती उसवायचा धीरच झाला नाही. चुकलंच माझं."

आधी तिसरीतली मुलगी टाळ्या वाजवू लागली आणि सगळं सभागृह तिला सामील झालं. डॉक्टरीणबाईंनीही शेवटी दोन टाळ्या वाजवल्या.

बाहेर पडताना करंडक मास्तरांच्या हातात होता. बराच वेळ ते बोटांवर हिशेब करत होते. राग आला होता, लाजही वाटत होती, आणि मंचावरची बायको आठवून ऊरही भरून येत होता.

"म्हणजे मी तुझ्यापेक्षा..."

"तीन वर्षांनी धाकटे."

"आणि इतकी वर्षं तू मला 'बरं बरं' म्हणत होतीस?"

"लहानांच्या तोंडी कोण लागतं!"

तेवढ्यात खिशात फोन वाजला. दुकान घेणारा होता. मास्तरांनी फोन हातात धरला आणि संसारात पहिल्यांदाच बायकोकडे वळून विचारलं, "काय सांगू त्याला?"

"नाही म्हणून सांगा," बायकोनं मायेनं त्यांची कॉलर सारखी केली. "दुकान विकायला तुमचं अजून वयच काय आहे!"