अण्णांच्या पोटातला पाहुणा

मल्लिनाथअण्णा कुणी भेटलं की नमस्कार करत नाहीत. "ऊटा आतेन्री?" म्हणतात. म्हणजे, जेवण झालं का? ते मूळचे दुधनीचे, कानडी घरातले. सात रस्ता चौकात त्यांचं चादरींचं दुकान आहे. तिथं गिऱ्हाईक आलं, पोस्टमन आला, की आधी हा प्रश्न. आणि कुणी उलट तोच विचारला, तर उत्तर ठरलेलं: "इन्ना इल्ल." अजून नाही. मग ते नुकतेच हात धुऊन उठलेले का असेनात.

आमची घरं भिंतीला भिंत लागून. त्यांच्या बायकोला, आमच्या अक्कांना, जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून मी भाकरी थापायला लागले की हाक मारायची आणि अण्णा दारात. चार भाकऱ्या, दह्यात कालवलेली शेंगाची चटणी, आणि वर "वैनी, पाचवी बारकी करा की." बारकी केली की सहावी मागत. "साकु", म्हणजे पुरे, हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलाच नव्हता. मी कुरकुरायचे, पण खरं सांगते, असा खाणारा समोर असला की भाकरी आपसूक फुगते.

यंदा जिना चढताना त्यांना दम लागायला लागला. पुण्यात राहणाऱ्या त्यांच्या मुलानं येऊन इथल्याच डॉक्टरांकडं नेलं. वजन उतरवायलाच हवं, म्हणाले ते. पोट कापून घ्यायला अण्णांनी साफ नकार दिला. तेव्हा डॉक्टरांनी तोंडावाटे पोटात एक मऊ फुगा सोडला आणि त्यात पाणी भरलं. सहा महिने तो आत राहणार, थोड्या खाण्यात पोट भरणार, मग आला तसा बाहेर.

अण्णा घरी आले ते नाराज होऊनच. "एक टाका न्हाय वैनी. लोकांना दावायचं काय?" तरी सदरा वर करून सगळ्यांना पोट दाखवलंच. फुग्याचं नाव त्यांनी 'पावना' ठेवलं. पहिले चार दिवस पाव्हण्यानं ओकून ओकून हैराण केलं, मग तो स्थिरावला. दुकानात गलका झाला की अण्णा पोटावर हात ठेवून सांगत, "हळू बोला की. पावना झोपलाय."

मग ते जेवायला आले. अर्ध्या भाकरीवर म्हणाले, "साकु." मला रागच आला. चटणी खारट झाली की काय म्हणून तीनदा चाखून बघितली. दुसऱ्या दिवसापासून मी हाक मारणंच सोडलं. गल्लीनंही तेच केलं. बिचाऱ्याला कशाला मोहात पाडायचं, म्हणून बारशाचं बोलावणं बंद, डोहाळजेवणाचं बंद. त्यांना "ऊटा आतेन्री?" विचारायचंसुद्धा सगळे टाळायला लागले.

तिसऱ्या महिन्यात एकदा बाराच्या सुमारास अण्णा दारात उभे. सदरा खांद्यावरून ओघळलेला.

"वैनी, आज दोन वाजता पावन्याला काढून येतो."

"दुखतंय का?"

"न्हाय."

"मग? सहा महिने म्हणालेत ना डॉक्टर? आता जिना चढताय की न थांबता."

"चढतो की. पर चढून जायचं कुटं?" अण्णा उंबऱ्याकडं बघत म्हणाले, "ही गेल्यापासनं घरात ताटावर एकटं बसवत न्हाय. तुमच्यात चार भाकरी खाल्ल्या की तासभर मानसात बसाय मिळतंय. अर्ध्या भाकरीला कोन बसू देतंय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन वर्षं त्यांच्या भाकऱ्या मोजल्या, आणि एवढं साधं कळलं नाही. अण्णा आपल्या घरात गेले.

मी पीठ मळायला घेतलं. तळहाताएवढी एकच भाकरी थापली, तव्यावर टाकली आणि भिंतीशी जाऊन ओरडले, "अण्णा, ऊटा आतेन्री?"

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"इन्ना इल्ल, वैनी!"

ती एवढीशी भाकरी अण्णांना दीड तास पुरली. डॉक्टरांकडं जायची वेळ टळून गेली.