देवाला वाहिलेली बाटली

"विहिरीतली साकेची बाटली कुठंय?" ताकेजिरोचा आवाज चिरकला.

चुलीवर कपडे उकळत असलेल्या शिझुनं, त्याच्या बायकोनं, वडिलांकडे पाहिलं. गोन्झो म्हणाले, "संपली. पेरणी झाली की पाटाच्या तोंडाशी देवाला दारू वाहतात, जावईबापू. तुमच्या गावाला देव नव्हता का?"

ताकेजिरो मटकन खाली बसला. बाटलीत दारू नव्हतीच. भाताला एक बुरशी लागली की रोपं फिकट होऊन वेड्यासारखी उंच सुटतात; गाव त्यांना येडी रोपं म्हणतं. ती बुरशी वाढीचं औषध तयार करते, असं ताकेजिरोचं म्हणणं. तिचा काढा करून, बुरशी गाळून, उरलेलं पाणी त्यानं बाटलीत ठेवलं होतं. तो ज्या शेतकी केंद्रात नोकरीला होता, तिथले नाकागोमे साहेब त्याच्या या नादाला कंटाळले होते. यंदा नुसत्या या पाण्यानं निरोगी रोप वाढवून दाखव, नाहीतर नोकरी सोड, असं त्यांनी बजावलं होतं. त्यात हा घरजावई. नोकरी गेली तर सासरी तोंड कुठं दाखवणार?

पण काही दिवसांतच पाटाच्या तोंडाशी रोपं सरासरा वाढली. ताकेजिरो धावत साहेबांना आणायला गेला.

परत येऊन पाहतो तर न्हाव्यानं डोकं भादरावं तसा वाफा एकसारखा!

"बाबा, उंच रोपं?"

"कापली," विळा पुसत गोन्झो म्हणाले. "बांधावर अख्खं गाव हसायला लागलं, गोन्झोच्या वाफ्यात येडी रोपं म्हणून! माझी काय अब्रू राहिली? चुलीत घातली सगळी."

"म्हणजे पुरावा नाही," साहेबांनी टोपी डोक्यावर चढवली.

"बाटलीत थेंबभर तरी?" ताकेजिरोनं रडवेल्या आवाजात विचारलं.

गोन्झोंनी मान खाजवली. "सगळी कुठं वाहिली? अर्धी देवाला. अर्धी प्रसाद म्हणून मीच घेतली. चव बेकार होती, पण देवाचं म्हणून गिळली."

शिझु हळूच म्हणाली, "तरीच बाबांची विजार आखूड होतेय."

सगळ्यांनी खाली पाहिलं. विजार घोट्याच्या बरीच वर होती. साहेबांनी टोपी काढली आणि खिशातून टेप.

"सरळ उभे राहा, आजोबा. ताकेजिरो, लिहून घे. पुढच्या महिन्यात पुन्हा मोजू, तोवर काम चालू ठेव."

विजार आपणच उकळत्या पाण्यात घातली होती, हे शिझुनं कुणाला सांगितलं नाही.