बाह्य आसनाचा पूर्ण वापर

एका मोठ्या बँकेच्या कर्जछाननी विभागात एक अधिकारी होते. त्यांच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन उत्तम झालं, पण डॉक्टरांनी बजावून सांगितलं की पुढचे काही आठवडे दिवसातून चार वेळा डोळ्यात थेंब घालायचे, आणि हयगय करायची नाही. केली तर डोळ्याची हमी देता येणार नाही. आईचे हात थरथरतात. तिने स्वतः घालायला घेतले की थेंब भुवईवर पडायचा, नाकावर पडायचा, उशीवर पडायचा, डोळा सोडून सगळीकडे पडायचा. अधिकाऱ्यांची बायको परगावी नोकरीला. म्हणजे दिवसा घरी कोणीतरी हवं होतं, आणि ते कोणीतरी आपणच, हे अधिकाऱ्यांना मान्य होतं. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो.

नेमकं त्याच सुमारास बँकेने लवचिक कामकाज धोरण जाहीर केलं. बँकेच्या काचेच्या इमारतीत खुर्च्यांपेक्षा माणसं जास्त झाली होती. एखाद्या साध्या बँकेने खुर्च्या घेतल्या असत्या. ही मोठी बँक होती, तिने धोरण घेतलं. आठवड्यातले तीन दिवस घरून काम, दोन दिवस कार्यालयातून. अधिकाऱ्यांनी अर्जात आईचा डोळा लिहिला आणि अर्ज चक्क मंजूर झाला. त्यांना गहिवरून आलं. इतकी वर्षं आपण बँकेला उगाच नावं ठेवली, असंही त्यांना वाटून गेलं.

मग सुविधा विभागाचे दोघे जण घरी आले. त्यांनी जेवणाच्या टेबलाची उंची मोजली, खिडकीतून येणारा उजेड मोजला, स्वयंपाकघरातल्या मिक्सरचा आवाज नोंदवला आणि टेबलाच्या कडेला एक चकचकीत पट्टी चिकटवली. पट्टीवर लिहिलं होतं, ‘बाह्य आसन’. बँकेची चाकाची खुर्ची आली, बँकेचं नेट आलं. करारावर अधिकाऱ्यांनी न वाचता सही केली. न वाचता सह्या करणाऱ्या कर्जदारांना झापण्यात त्यांची उभी हयात गेली होती, पण तो झाला कामाचा भाग.

घरचे तीन दिवस सुरू झाले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मीटिंगा. बहुतेक मीटिंगांचा विषय पुढची मीटिंग कधी घ्यावी हा असे. एक मीटिंग ‘काम आणि कुटुंब यांचा समतोल’ या विषयावर होती, ती दुपारच्या थेंबांची वेळ खाऊन वर चहाची वेळही खाऊन गेली. आतल्या खोलीतून आई म्हणाली, “अरे, वेळ झाली ना?”

“हो गं आई, एवढं संपलं की आलोच.”

आई मान मागे टाकून बसून राहिली. मान अवघडली तेव्हा आडवी झाली, आणि मग तिला झोप लागली. दिवेलागणीला अधिकाऱ्यांना आठवण झाली तेव्हा त्यांनी दुपारचे आणि संध्याकाळचे थेंब एकदमच घातले, कानात इयरफोन तसेच ठेवून. मुलगा घरात आहे, एवढ्यावरच ती माउली खूश होती.

इथवर सगळं सुरळीत होतं. पण रिकामी खुर्ची बँकेला बघवत नाही. मनुष्यबळ विभागाच्या बाईंनी एक तक्ता काढला आणि त्यात दिसून आलं की कर्मचारी ज्या दोन दिवशी कार्यालयात येतात, त्या दिवशी त्यांचं घरचं आसन नुसतं पडून राहतं. बाईंनी संचालकांना सांगितलं की पडून राहिलेलं आसन आणि बुडीत कर्ज यांत गुणात्मक फरक नाही. संचालकांचे डोळे पाणावले म्हणतात.

पुढच्याच सोमवारी अधिकाऱ्यांच्या मोबाइलवर संदेश आला: ‘आज आपल्या बाह्य आसनावर वसुली विभागातील सहकारी काम करतील. यजमानांना कल्पना द्यावी.’ यजमान म्हणजे आई. अधिकारी तडक बाईंच्या केबिनमध्ये गेले.

“मॅडम, माझ्या घरी परका माणूस बसणार?”

“परका कसा? सहकारी आहे.”

“पण टेबल माझं आहे.”

“खुर्ची?”

“बँकेची.”

“नेट?”

“बँकेचं.”

“मग तुमचं असं तिथे नेमकं काय आहे?”

“आई आहे,” ते म्हणाले.

“त्यांच्यावर बँकेने कोणताही दावा केलेला नाही,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्याला आत बोलावलं.

वसुलीवाला आला. या गृहस्थाचं बँकेत मोठं नाव होतं. त्याचा फोन आला की भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळायचं. पण बाह्य आसनावर बसणाऱ्याला संध्याकाळी यजमान मोबाइलवर एक ते पाच तारे देतो, आणि त्या ताऱ्यांवर पगारवाढ ठरते, हे धोरणाचं कलम त्याने नीट वाचलं होतं. त्यामुळे थेंबांची वेळ झाली की तो फोन खाली ठेवी, साबणाने हात धुई आणि आईच्या पलंगाशी येऊन बसे.

“काकू, वर बघा. पंख्याची पाती दिसतात का? मोजा बरं.”

“तीन.”

“शाब्बास. झालं बघा. आता डोळा मिटून पडा, मी पडदा ओढतो.”

मग तो परत टेबलाशी जाई, फोन उचली आणि म्हणे, “हं, तर कुठे होतो आपण? तुमच्या आईचं ऑपरेशन असेल साहेब, तो तुमचा घरगुती प्रश्न झाला. हप्ता परवा आला नाही तर आमची माणसं दारात उभी राहतील.”

आईने त्याला सगळे तारे दिले. मोबाइलवर कुठे दाबायचं ते त्यानेच दाखवलं होतं, पण दाबलं तिने मनापासून. ‘गुणी आहे हो,’ ती मुलाला म्हणाली, ‘थेंब घातल्यावर गाल पुसतोसुद्धा.’ अधिकाऱ्यांना ते चांगलंच झोंबलं. आईसाठी आपण काय काय करतो याची त्यांनी मनातल्या मनात उजळणी केली. ती लवकर संपली.

ज्याचे तारे जास्त त्याला आसन आधी, असा नियम होता. त्यामुळे वसुलीवाल्याला आता आठवड्याचे पाचही दिवस तेच आसन मिळू लागलं. घरून काम करण्याच्या दिवशी अधिकाऱ्यांना स्वतःच्या घरात जागा उरली नाही. एकदा ते हट्टाने घरीच थांबले आणि पलंगावर लॅपटॉप उघडून बसले, तर तासाभरात संदेश आला: ‘आपण सहकाऱ्याच्या कार्यस्थळी अनधिकृतरीत्या उपस्थित आहात. बँकेच्या गोपनीयतेचा भंग होत आहे.’ वसुलीवाल्याने खांदे उडवले. “माझी काही हरकत नाही हो, पण यंत्रणेला कळतं,” तो म्हणाला. आईने मुलाला दाराशी चप्पल काढून दिली.

यंत्रणेने अधिकाऱ्यांना जवळचं रिकामं आसन दिलं. ते वसुलीवाल्याचं घर होतं. साहजिकच होतं, तो तिथे नव्हता. घरात त्याचे वडील असत, एकटेच. आता तारे अधिकाऱ्यांनाही हवे होते. त्यांनी म्हाताऱ्याला वर्तमानपत्र वाचून दाखवलं, हाताला धरून गॅलरीत फेऱ्या मारायला नेलं, तीच ती जुन्या बदलीची हकिगत रोज पहिल्यांदाच ऐकावी तशी ऐकली. मीटिंग चालू असताना म्हाताऱ्याला खोकला आला, तेव्हा त्यांनी मीटिंग सोडून कोमट पाणी आणून दिलं.

म्हातारा ओशाळला. “तुमचं काम खोळंबलं,” तो म्हणाला. “माझा मुलगा घरून काम करायचा ना, तेव्हा मी खोकला दाबून धरायचो. उगाच त्याच्या कामात व्यत्यय नको.”

“छे छे, काका. तुम्ही खुशाल खोका,” अधिकारी म्हणाले. त्या संध्याकाळी त्यांना एक तारा जास्त मिळाला. घरात मुलगा असताना बापाने खोकला दाबावा म्हणजे काय, असं म्हणून घरी जाताना त्यांनी वसुलीवाल्याला मनात चार शिव्या हासडल्या.

मग एके दिवशी वसुलीवाला प्रशिक्षणाला गेला आणि अधिकाऱ्यांना त्यांचं स्वतःचं घर मिळालं. आई सकाळपासून आनंदात होती. अधिकारी खुर्चीत बसले, लॅपटॉप उघडला आणि सुरू झालं. सकाळचे थेंब घाईत घातले गेले. दुपारी आईने एकदा हाक मारली, दोनदा मारली. तिसऱ्यांदा अधिकारी तिच्यावर खेकसले, “आई, दिसत नाही का तुला, मी काम करतोय ते?”

“नाही दिसत रे,” आई म्हणाली. “म्हणून तर थेंब घालायचेत.”

संध्याकाळी मोबाइलने तिला विचारलं, आजच्या कर्मचाऱ्याला किती तारे? ती बराच वेळ ताऱ्यांवर बोट धरून बसली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. तिने एक तारा दिला.

दुसऱ्या दिवशी मनुष्यबळाच्या बाईंचा फोन. “तुमचं नाव त्या आसनासाठी कायमचं बाद झालंय. यजमानांनी बोलून नोंदवलेला अभिप्राय वाचून दाखवू? ‘मुलगा मायाळू आहे. पण घरी आला की बँकेतच असतो. त्याला बँकेत ठेवा आणि बँकेतल्याला माझ्याकडे पाठवा.’”

अधिकाऱ्यांच्या पायाखालची जमीन सरकली. आईने बँकेकडे तक्रार करावी, तीही पोटच्या पोराची! दुसरं कुठलं आसन बाद झालं असतं तर त्यांनी सोसलं असतं, हे तर स्वतःचं घर होतं. “मॅडम, याला काही उपाय?”

“अपील आहे की,” बाई म्हणाल्या. “एक तारा म्हणजे सर्वसाधारण पातळीपेक्षा खाली. तुम्ही घरात जसं वागता तीच सर्वसाधारण पातळी आहे, असं आजूबाजूच्या कुटुंबांनी लिहून दिलं, तर तारा रद्द होईल आणि आसन कायमचं तुमचं होईल. मात्र सह्या भरपूर लागतील.”

अधिकारी कागद घेऊन निघाले. त्यांना धाकधूक होती की लोक दार लावून घेतील, निदान दोन शब्द सुनावतील. कागदावर सरळ लिहिलं होतं: ‘आमच्या घरी वडीलधाऱ्यांनी हाक मारली असता आम्हीही याच प्रकारे वागतो.’ एकानेही वाद घातला नाही. कोणी विचारलं, पेन आहे का. कोणी म्हणालं, माझ्या भावाचीही घ्या, तो माझ्यावर ताण आहे. एका बाईंनी सासूकडून चष्मा मागवून घेतला आणि सही करून तो स्वतःच्याच डोळ्यांवर ठेवून दिला.

अपील मंजूर झालं. तारा रद्द झाला, आसन अधिकाऱ्यांना कायमचं मिळालं, आणि आईचा अभिप्राय ‘वैयक्तिक आकसापोटी’ असा शेरा मारून निकाली काढण्यात आला. वसुलीवाला आपल्या घरी परतला. त्याच्या वडिलांचा खोकला आता ऐकू येत नाही. परवा तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी आईच्या डोळ्यात बॅटरी मारली आणि विचारलं, “मध्यंतरी इतका छान भरत आला होता, मग बिघडलं कुठे?” अधिकारी बाहेर फोनवर होते. आई म्हणाली, काही नाही हो, माझाच हात थरथरतो.

वाचून तुम्हाला त्या माणसाचा संताप आला असेल. येऊ द्या. पण त्या कागदावर तुमचीही सही आहे. दारातच केलीत, भिंतीवर कागद टेकवून. सही करत असताना आतून तुम्हाला कोणीतरी हाक मारली होती, आणि तुम्ही “आलोच” म्हणालात. अजून गेलेला नाहीत.